रीसँडसारखा कुणी भेटेल का, हा प्रश्न जरा बदलून बघू

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय 28, पुण्यात नोकरी. दीड वर्षापूर्वी स्कूटरचा मोठा अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, तीन महिने घरी काढावे लागले. तेव्हा साखरपुडा झालेला होता. अपघातानंतर होणाऱ्या नवऱ्याने स्कूटर विकायला लावली, त्या कुठे आहेत हे आपल्या फोनवर सतत दिसेल अशी सोय करून घेतली, मैत्रिणींबरोबरची सहल रद्द करायला लावली आणि शेवटी नोकरी सोडण्याचा आग्रह धरला. आठ महिन्यांपूर्वी पत्र लिहिणाऱ्या या बाईंनीच ठरलेलं लग्न मोडलं. घरचे अजूनही म्हणतात, ‘एवढा जीव लावणारा मुलगा होता.’ त्याच काळात सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही कादंबरी हाती आली आणि पाठोपाठ तिचा दुसरा भाग, ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी’. दुसरा भाग त्यांनी आतापर्यंत पाच वेळा वाचला आहे. त्यात नायिका फेयरा आपल्या पहिल्या प्रियकराला, टॅमलिनला, सोडते आणि पुढे रीसँडच्या प्रेमात पडते. बहीण म्हणते, ‘शाळकरी मुलींची परीकथा आहे ही.’ ऑफिसमधले एक सहकारी त्यांना आवडू लागले आहेत. चार-पाच वेळा भेटी झाल्या आहेत, येत्या शनिवारी पुन्हा भेटायचं आहे. पण हे गृहस्थ रीसँडसारखे न सांगता काही ओळखत नाहीत, आणि कादंबरीतल्या त्या दोघांची मनं जोडणारा ‘तो धागा’ जाणवत नाही. आठवड्यातून दोनदा तरी अपघाताची स्वप्नं पडतात. त्या विचारतात : मी पुस्तकात पळून जातेय का? आधी पूर्ण बरी होऊन मगच कुणाचा विचार करावा का? आणि रीसँडसारखा कुणी भेटेपर्यंत थांबणं चूक आहे का?

नमस्कार.

बहिणीच्या शेऱ्याचं आधी बघू, कारण तो तुम्हाला लागलाय. पहिला भाग 2015 मध्ये आला तेव्हा तो खरोखरच किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून विकला गेला होता. 2016 मधला दुसरा भाग त्या चौकटीत मावत नव्हता आणि 2020 मध्ये ही मालिका नव्या मुखपृष्ठांसह प्रौढांसाठी म्हणून पुन्हा बाजारात आणली गेली. पण कप्प्याचं सोडा. परीकथा शाप तुटतो तिथे संपते. हा दुसरा भाग शाप तुटल्यावर तीन महिन्यांनी सुरू होतो. फेयराला सगळं मिळालंय : जीव, अमरत्व, ज्याच्यासाठी जीव दिला तो टॅमलिन, आणि तोंडावर आलेलं लग्न. आणि ती रोज रात्री दचकून उठते, न्हाणीघरात जाऊन ओकते आणि दिवसेंदिवस झिजत जाते. टॅमलिनलाही स्वप्नं पडतात. दोघं एकाच पलंगावर झोपतात आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. संकट सरल्यावरच माणूस खरा कोसळतो, हे आघातावर काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तुम्ही प्लास्टर निघाल्यावर रडायला लागलात, प्लास्टर असताना नाही, असं लिहिलंय. एखाद्या पुस्तकात ते तसंच्या तसं दिसलं की छातीवरचा दगड हलतो. याला पळून जाणं म्हणत नाहीत.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. त्यांच्यावर बोलायला हवं, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

पहिली. तुम्ही लिहिता, ‘एक तर त्याचं प्रेम खोटं होतं, नाही तर मी कृतघ्न आहे.’ या दोन्हीशिवाय तिसरी शक्यता कादंबरीतच आहे. दुसऱ्या भागातला टॅमलिन प्रेमाचं नाटक करत नाही. त्याने फेयराला डोळ्यांदेखत मरताना पाहिलंय आणि तो खरोखर घाबरलाय. तो रात्री पशूचं रूप घेऊन राखण करत बसतो, ती बाहेर निघाली की पहारेकरी देतो, आणि एक दिवस ती ‘मलाही सरहद्दीवर यायचंय’ म्हणते तेव्हा घराभोवती जादूची ढाल उभारून तिला आत कोंडतो. पहिल्या भागात पर्वताखाली कोंडली गेलेली मुलगी पुन्हा कोंडली जाते. ती तिथे मोडते.

असं का होतं, हे समजून घेणं तुमच्या उपयोगाचं आहे. बंदी घातली की बंदी घालणाऱ्याची धडधड कमी होते. तुमचा धोका कमी झाला की नाही हा वेगळाच मुद्दा; त्याला मात्र बरं वाटतं. हे बरं वाटणं काही दिवस टिकतं, मग भीती परत येते आणि नवी बंदी लागते. म्हणून तुमच्याकडे आधी स्कूटर गेली, मग फोन, मग सहल, मग नोकरीवर बोट आलं. हा क्रम त्याच्या दुष्टपणाचा पुरावा नाही, पण तो आपोआप थांबणारा नव्हता, हे नक्की. आणि त्याच वेळी तुमची भीती जागच्या जागी राहिली. जी गोष्ट टाळली जाते तिची भीती ओसरत नाही. मेंदूला ‘मी ते केलं आणि काही झालं नाही’ हा अनुभव मिळतच नाही. त्याचं प्रेम खरं होतं आणि त्या प्रेमात तुम्ही बऱ्या होणार नव्हतात. दोन्ही वाक्यं एका वेळी खरी असू शकतात. घरच्यांना उत्तर द्यायचं असेल तर मुलाला वाईट ठरवायची गरजच नाही. ‘त्याने जीव लावला हे खरं आहे. माझे निर्णय माझ्याकडे राहत नव्हते, हेही खरं आहे.’ एवढंच म्हणा, आणि दर वेळी त्याच शब्दांत म्हणा. दर वेळी नवी कारणं दिली की दर वेळी नवा वाद होतो.

(ज्या वाचक आजही अशा घरात राहत असतील, त्यांच्यासाठी : सतत पाळत, बाहेर पडायला मनाई, पगार काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं हे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक आणि आर्थिक छळ म्हणून येऊ शकतं. मारहाण झालेलीच असावी असं नाही. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीच्या प्रसंगी 112. कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार विनामूल्य करता येते.)

दुसरी गृहीत गोष्ट : फेयराला रीसँडने बरं केलं. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय. सहाव्यांदा पुस्तक काढणारच आहात, तर या वेळी पेन्सिल घेऊन बसा. ज्या ज्या प्रसंगात फेयरा आधीपेक्षा थोडी सावरते, त्याच्या समासात तीन गोष्टी लिहा : निर्णय कुणी घेतला, तिला सगळी माहिती होती का, आणि नको म्हणून निघून जाता आलं असतं का. शंभर पानांत चित्र दिसायला लागेल.

कोंडलेल्या घरातून तिला उचलून बाहेर काढते ती मोर, एक मैत्रीण. शरीराचा सराव करून घेतो कॅशियन, रीसँडचा सेनापती. वाचता येत नाही याची तिला पहिल्या भागापासून लाज असते; ती वाचायला शिकते, ते रीसँडच्या खोडकर वाक्यांवरून असेल, पण कित्ता ती स्वतः गिरवते. तिला काम मिळतं, असं काम जे दुसऱ्या कुणाला जमणारं नाही. जेवणाच्या टेबलावर चार माणसं असतात जी तिला आजारी समजत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एक शहर असतं जिथे ती एकटी फिरू शकते. रीसँडचं श्रेय आहेच. पण ते या गोष्टी तिच्यासमोर ठेवून ‘तू ठरव’ म्हणण्यात आहे.

या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तुरुंगाच्या दाराशी घडणारा प्रसंग. पर्वताखालचा तो तुरुंग म्हणजे फेयरासाठी तिच्या जुन्या कोंडवाड्याची प्रतिकृती. पहिल्या दिवशी ती दाराशी जाते आणि तिला आत पाऊल टाकवत नाही. कुणी ढकलत नाही, कुणी ‘आता काय घाबरतेस’ म्हणत नाही. तिला परत आणलं जातं. मग रीसँडच्या गोटातली एम्रेन तिला एक ताईत देते : हा जवळ असला की कोणत्याही कोठडीतून बाहेर पडता येतं. तो घालून ती आत जाते, काम करून येते. नंतर कळतं की तो साधा दागिना होता. भीतीवरच्या उपचाराची पद्धत लेखिकेने इथे जवळजवळ जशीच्या तशी मांडलीय : पायरी जमली नाही तर माघार, आधाराला काहीतरी, पुन्हा प्रयत्न, आणि शेवटी आधार आपलाच होता हे कळणं.

तुमच्या बाबतीत तो तुरुंग म्हणजे स्कूटर. हाडाच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिलीय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगतेय. एका कागदावर दुचाकीशी संबंधित आठ-दहा गोष्टी लिहा आणि प्रत्येकीला 0 ते 100 मध्ये भीतीचे गुण द्या. उदाहरणार्थ, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंद गाडीवर बसणं 30, इंजिन सुरू करून बसणं 40, रविवारी सकाळी रिकाम्या गल्लीत मैत्रिणीमागे बसून फेरी 50, स्वतः चालवणं 70, अपघात झाला त्या चौकातून जाणं 95. सुरुवात 30-40 पासून करा. भीती सुरुवातीला होती त्याच्या निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा. बहुधा वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. हीच पायरी लागोपाठच्या दिवसांत चार-पाच वेळा करा आणि ती कंटाळवाणी झाल्यावरच पुढे सरका.

यात चुकतं कुठे? भीती शिगेला असताना उतरून पळणं ही पहिली चूक. मेंदू नोंद करतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती वाढते. म्हणून इतकी छोटी पायरी निवडा की थांबवेल. दुसरी चूक म्हणजे मोठी उडी. कुणीतरी म्हणतं ‘एकदा चालव, भीती मोडेल’ आणि तुम्ही थेट कर्वे रोडच्या गर्दीत. तिसरी, आठवड्यातून एकदाच करणं. अंतर जास्त पडलं की प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. ताईत चालेल, गळ्यात असो की फोनवर बोलणारी मैत्रीण असो. पुढच्या काही फेऱ्यांत तो हळूहळू घरी ठेवायचा.

स्वप्नांचंही असंच काहीतरी करता येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘इमेजरी रिहर्सल’ नावाची पद्धत आहे. दिवसाउजेडी वही घेऊन बसा. सर्वांत भयंकर स्वप्न निवडू नका. मधल्या ताकदीचं घ्या. ते चार-पाच ओळींत लिहा. मग ते तुम्हाला हवं तसं बदला, कुठूनही बदला. ट्रक थांबतो, रस्ता पाण्याचा होतो, स्कूटर उडते, काहीही. पटण्यासारखं असलंच पाहिजे असं नाही. मग जुनं बाजूला ठेवून फक्त हे नवं रूप रोज 10 ते 20 मिनिटं डोळे मिटून मनात चालवा, रंग, आवाज, वास यांच्यासह. झोपण्याच्या तोंडावर नको, संध्याकाळी करा. दोन-तीन आठवडे द्या. लोक इथे दोन चुका करतात : रोज जुनं स्वप्नच पुन्हा आठवत बसतात, नाही तर आठवड्याला नवं स्वप्न घेतात. एकच घ्या आणि ते विरेपर्यंत तेच ठेवा.

पण एवढ्यावर थांबू नका. अपघाताला दीड वर्ष झालं, स्वप्नं आठवड्याला दोनदा, तो चौक टाळण्यासाठी तुम्ही रोज तीन किलोमीटरचा वळसा घेता, हॉर्न वाजला की अंगाला घाम. हे एक महिन्यापलीकडे टिकलं की नीट तपासणी करून घ्यायची असते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि पहिल्याच फोनवर विचारा : ‘आघातावर केंद्रित कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी किंवा ई.एम.डी.आर. तुम्ही करता का? किती जणांबरोबर केलीय?’ (पहिलीत आघाताबद्दलचे विचार आणि टाळाटाळ यांवर काम होतं, दुसरीत डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने ती आठवण हाताळली जाते.) साध्या एका अपघातासाठी साधारण 8 ते 12 सत्रं लागतात. वर्षानुवर्षं जावं लागेल या भीतीने अनेक जण जातच नाहीत, म्हणून आकडा सांगितला. कुणाकडे जावं हेच कळत नसेल तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. सरकारी, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आधी पूर्ण बरी होईन, मगच कुणाचा विचार करेन. ऐकायला हे फार जबाबदारीचं वाटतं. अडचण अशी की ‘पूर्ण’ कधी येतं हे कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे ही अट कधीच पुरी होत नाही. आघातातून सावरण्यावर मूलभूत काम केलेल्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग जे घडलं त्याची आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. हे टप्पे एकमेकांत मिसळतात, मागेपुढे होतात. आणि त्यांचं ठाम म्हणणं असं की बरं होणं एकांतात होत नाही, नात्यांमध्येच होतं. नाती म्हणजे प्रियकरच असं मात्र नव्हे.

तेव्हा ‘बरी झाले का?’ हे विचारू नका. त्याऐवजी स्वतःला एवढं विचारा. त्या माणसाशिवाय रात्री अकराला फोन करता येईल अशी निदान दोन माणसं आहेत का? पगार, कागदपत्रं, राहण्याची जागा तुमच्या हातात आहे का? त्याचा एक दिवस फोन आला नाही तर दिवस वाईट जातो की अख्खा कोसळतो? आणि ‘नको’ हा शब्द तुमच्या तोंडून वेळेवर निघतो का? यातलं बहुतेक जमत असेल तर सावकाश भेटायला काहीच हरकत नाही. फेयराही टॅमलिनच्या घरातून निघून थेट दुसऱ्याच्या मिठीत जात नाही. सुरुवातीला तर रीसँडकडे महिन्यातला एकच आठवडा असतो, तोही पहिल्या भागात झालेल्या करारापोटी. कादंबरीतली मला सर्वांत आवडणारी पानं म्हणजे डोंगरातल्या त्या लाकडी घरातली. आपण नियतीनेच जोडलेले जोडीदार आहोत हे रीसँडने दडवलं, असं कळल्यावर ती मोरला सांगते, मला दूर ने. तिथे ती एकटी राहते आणि इतक्या महिन्यांनी भिंती रंगवायला घेते. रंग तिला त्याच्या उपस्थितीत परत मिळत नाहीत. तो नसताना, रागात, स्वतःच्या वेळाने मिळतात.

आणि इथूनच तिसऱ्या गृहीत गोष्टीकडे येते : रीसँड हा निरोगी प्रेमाचा नमुना. काही बाबतीत आहे. तो विचारतो, थांबतो, तिच्या रागाला घाबरत नाही, स्वतःवर झालेले अत्याचार लपवून शूरपणा मिरवत नाही. पण पहिला भाग आठवा. तिचा हात मोडलेला, ताप चढलेला, आणि हा तिच्या मोडक्या हाडाला पीळ देऊन करार पदरात पाडून घेतो. रोज रात्री तिला बेशुद्धीची दारू पाजून दरबारात नाचवतो. दुसऱ्या भागात, चोपन्नाव्या प्रकरणात, या सगळ्याची कारणं आपल्याला कळतात आणि आपण विरघळतो. लेखिकेला हे शोभतं, कारण तिने ती कारणं खरी रचली आहेत. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र ‘त्याने दुखावलं, पण त्यामागचं कारण नंतर कळलं’ हेच वाक्य माणसाला वाईट नात्यात दहा-दहा वर्षं धरून ठेवतं. तुमच्या आधीच्या माणसाकडेही कारणं होतीच, आणि तीही खरी होती. कारण समजणं आणि वागणं चालवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

(पुढचे भाग वाचले नसतील तर हा परिच्छेद ओलांडा. 2021 च्या ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’मध्ये फेयराच्या गरोदरपणात तिच्या जिवाला धोका असतो आणि रीसँड ते तिच्यापासून लपवतो, तिच्या काळजीपोटी. टॅमलिनच्या ढालीचंच हे दुसरं रूप आहे. अनेक चाहत्या यावर मनापासून चिडल्या आणि मला ते चिडणं फार निरोगी वाटतं. त्या माणसावर नव्हे, तत्त्वावर प्रेम करत होत्या.)

म्हणून प्रश्न बदलून बघा. रीसँडसारखा कुणी भेटेल का, याऐवजी : या माणसाबरोबर माझे निर्णय माझ्या हातात राहतात का? हे तुमच्या सहकाऱ्यांच्या बाबतीत तपासता येतं. पुढच्या महिन्याभरात तीन छोटे नकार द्या, खोटे नको, खरेच : ठरलेलं हॉटेल नको, आज फोन नको, हा सिनेमा नको. तोंडावरची प्रतिक्रिया फार मोजू नका. क्षणभर हिरमुसणं माणसाचंच आहे. पुढचे दोन दिवस बघा. अबोला येतो का, चार माणसांत टोमणा येतो का, तीच मागणी दुसऱ्या वाटेने परत येते का, की विषय खरंच संपतो? एका वेळेवरून काही ठरवू नका. तिन्ही वेळांत एकच चाल दिसली तर ती लक्षात घ्या.

न सांगता ओळखणं. फेयरा आणि रीसँड यांच्यात मनाचा धागा आहे, तो तिची घुसमट मैलांवरून जाणतो. हाडामांसाच्या माणसाकडे ती सोय नाही. तुम्ही हॉर्न ऐकून गप्प झालात आणि ते पुढे बोलतच राहिले, म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. पण त्यांना अपघाताबद्दल ‘थोडं लागलं होतं’ एवढंच माहीत आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. सांगायचं असेल तर तीन वाक्यं पुरतात : काय होतं, काय केलेलं चालेल, काय करू नका. म्हणजे असं : ‘माझा मोठा अपघात झाला होता, जोरात ब्रेक किंवा हॉर्न ऐकला की मी काही मिनिटं गप्प होते. तेव्हा शांत बसलात किंवा पाणी दिलंत तर बरं वाटेल. काय झालं असं पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि माझ्या वतीने काही ठरवू नका.’ सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ज्याला सांगितल्यावर आठवण राहते तो माणूस चांगला. न सांगता ओळखणारा फक्त कादंबरीत परवडतो. ‘तो धागा जाणवत नाही’ यावरही घाई नको. इतके महिने धास्तीत काढलेल्या शरीराला शांतता सुरुवातीला नीरस लागते. अजून पाच-सहा भेटींनंतरही बोलावंसंच वाटलं नाही, तर मात्र ते खरंच नाही आणि तसं सांगून थांबता येतं.

फोनचं काम आज रात्रीच उरका. गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘लोकेशन शेअरिंग’ उघडा. तिथे लग्न मोडलेल्या त्या मुलाचं नाव अजून असेल तर काढा. फोनचा पासकोड बदलला म्हणजे झालं असं अनेकींना वाटतं, पण ही वाटणी गुगल खात्याशी जोडलेली असते आणि बंद करेपर्यंत चालूच राहू शकते. मग व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी आणि गुगल खात्यात लॉग-इन असलेली उपकरणं तपासा, अनोळखी दिसेल ते बाहेर काढा, पासवर्ड बदला. पुढे कधी उशिराच्या कॅबसाठी कुणाला ठिकाण पाठवायचं झालं तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन वापरा. ते 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांनी आपसूक बंद होतं. काळजीसाठी एक तास पुरतो.

आणि पुस्तक? वाचा की. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत पुन्हा जाणं म्हणजे भीतीच्या जागी सुरक्षितपणे जाऊन येणं. थकलेल्या मनाला त्याची गरज असते. फक्त रात्री एक-दोन प्रकरणांवर थांबा, कारण चोपन्न आलं की पंचावन्न सोडवत नाही आणि अपुऱ्या झोपेत स्वप्नं वाढतात. मिटल्यावर आधीपेक्षा रिकामं वाटायला लागलं, किंवा त्यासाठी मैत्रिणींच्या भेटी टळायला लागल्या, तर महिनाभर कपाटात ठेवा. बहिणीला सबंध पुस्तक वाचायला सांगू नका, सहाशेहून जास्त पानं आहेत. लग्नाचा तेवढा प्रसंग द्या : दुसऱ्या बाईने निवडलेला घेरदार पोशाख, वाटेवर विखुरलेल्या लाल पाकळ्या ज्या तिला रक्तासारख्या दिसतात, आणि सगळे हसत असताना मनातल्या मनात कुणीतरी सोडवा म्हणून ओरडणारी मुलगी. तो वाचून झाल्यावर तिला सांगा की अपघातापासून लग्न मोडेपर्यंतचे सगळे महिने तुम्ही तिथे उभ्या होतात. तुमच्या पत्रावरून वाटतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

शनिवारी ते त्यांच्या मोटारसायकलवरून न्यायला येतो म्हणाले आहेत. तुमच्या यादीत मागे बसणं 50 वर असेल आणि पार्किंगमधली पायरी अजून झाली नसेल, तर शुक्रवारीच कळवा की तुम्ही रिक्षाने थेट तिथे याल. ते काय उत्तर देतात ते वहीत लिहून ठेवा, पहिला नकार म्हणून.